आठव्या गाण्याचा अर्थ

रविवार, ७ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पत्राच्या आरंभी खुशाली कळवायची असते, म्हणून कळवते. इकडे आम्ही बरे आहोत. तू कसा आहेस, हे विचारायचा हक्क मला उरला आहे की नाही ते तू ठरव. मी विचारते.

तुझा पत्ता हँगरवाल्या काकांनी दिला. ते अजूनही दर दोन महिन्यांनी येतात आणि अजूनही एक पाय दुकानात, एक रस्त्यावर ठेवून बोलतात. म्हणाले, "तुमचा मुलगा दिसला मला. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात. एवढाली यंत्रं आहेत तिथे, एका चादरीला दोन माणसं लागतात. ओळख दाखवली नाही पठ्ठ्याने, पण त्याने घातलेली घडी बघितली आणि म्हटलं, हा आपला इंग्रजच!"

आईच्या हातातली इस्त्री होती तिथेच थांबली. वास आला तेव्हा कुठे तिने ती उचलली. गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट तर गेलाच, खालचं कापडही गेलं. दीड वर्षांनी तुझी बातमी घरात आली ती अशी, जळक्या वासासकट. आई त्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "चूक माझी, पण आज मला काही बोलू नका."

हो, सध्या इस्त्री आई करते. बाबांचा उजवा हात जरा धरला आहे. शाळेत जाण्याआधी दोन तास मीही उभी राहते. मला शाळेत नोकरी लागली, पाचवीला इंग्रजी शिकवते. वर्गात मी एक नियम केला आहे : चूक दिसली की लगेच सांगायची, मग ती बाईंची का असेना. मुलं फार खूश आहेत, दिवसातून दहादा माझ्या चुका काढतात. दुकानात मात्र हे काम एकटी आई करते. "पदवी घेतलीस खरी, पण तुझ्या बाहीला दोन-दोन रेघा पडतात," म्हणते. तू शिकवलेला क्रम मी विसरलेले नाही. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ. पण क्रम पाठ असणं आणि हात बसणं यात फरक असतो, हे मला उशिरा कळतं आहे.

एक छोटंसं काम होतं.

ती कॅसेट अजून आहे. तपकिरी कोटाच्या खिशात निघालेली, वर हाताने काहीतरी लिहिलेली, आठ इंग्रजी गाण्यांची. वर्षभर ती खिशातल्या वस्तूंच्या डब्यात पडून होती. कोटवाला कोट घेऊन गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही, तेव्हा बाबांनी ती लावली. तू दहावीत होतास, मी सातवीत. बाबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी दुसरं गाणं संपेपर्यंत त्यांचे डोळे भरून वाहायला लागले होते. आईने हातातली पाणी मारायची बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, "आता हिचं काय काम? तुझा बाप आहे ना."

मी तेव्हा फणकाऱ्याने विचारलं होतं, कळत नाही तर रडता कशाला? बाबा म्हणाले, "कळलं असतं तर त्या गाणाऱ्यासाठी रडलो असतो. कळत नाही म्हणून आपल्यापुरतं रडून घेतो. फुकटात होतंय की, पोरी." तरी शेवटी राहवलं नाही आणि तुला विचारलंच, "काय म्हणतोय रे तो?" तू शेजारच्या टेबलावर जाड कपडे करत होतास. इस्त्री न थांबवता तू अर्थ सांगितलास. त्यानंतर किती वर्षं सांगत राहिलास! गल्लीने तुझं नावच इंग्रज ठेवलं.

तर काम असं. बाबा हल्ली दुपारी कॅसेट लावून बसतात आणि गाणं संपलं की माझ्याकडे बघतात. तू सांगायचास तो अर्थ त्यांना हवा आहे. आईला पहिल्या सातांचे तुकडे आठवतात. आठव्यात एक नदी होती आणि एक नाव होती, एवढंच आम्हाला माहीत. पुढे काय व्हायचं, ते मला आठवायला हवं होतं, पण तू सांगायचास तेव्हा मी कोपऱ्यात कानात बोटं घालून पाठांतर करत असायचे.

चार ओळी लिहून पाठवशील? घाई नाही, सवडीने.

तुझा आकाशी चौकडीचा शर्ट इथेच राहिला आहे. व्यवस्थित आहे.

तूच ठेवलेल्या नावाने,
मास्तरीण


रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पाच आठवडे झाले. पत्र पोचलं नसेल, असं आईला सांगते. पोचलं असणार, हे मला माहीत आहे.

मागचं पत्र मी तीनदा लिहून फाडलं आणि चौथं पाठवलं. त्यात धडधडीत खोटं वाक्य एकही नाही. पण शाळेत मी मुलांना सांगते तसं स्वतःलाच सांगते : अर्धं उत्तर लिहिलं की अर्धेच गुण.

बाबांचा हात "जरा धरलेला" नाही. नोव्हेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही गेली. आता एकच आवाज निघतो, "हं". होकाराला तोच, नकाराला तोच, पाण्यालाही तोच. समजतं मात्र सगळं, असं डॉक्टर म्हणतात. त्या क्षणी ते इस्त्रीच करत होते. आई सांगते, त्यांनी आधी इस्त्री टाचेवर उभी ठेवली, आणि मग पडले. सव्वीस वर्षांत एकही कपडा न जाळलेला माणूस.

तो शनिवार होता आणि त्यांच्या हाताखाली गिऱ्हाइकाचा कपडा नव्हता. तुझा आकाशी शर्ट होता. तू गेल्यापासून दर शनिवारी ते तो शर्ट उतरवायचे, पाणी मारायचे, इस्त्री करायचे आणि पुन्हा शेवटच्या दांडीवर, न नेलेल्या कपड्यांत अडकवायचे. त्याला रीतसर चिठ्ठी टोचली होती, गिऱ्हाइकाच्या कपड्याला टोचतात तशी. शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींनी एकदा विचारलं, "घरच्या कपड्याला कसली हो चिठ्ठी?" बाबा म्हणाले, "ज्याला चिठ्ठी असते त्याचा मालक येतो."

दादा, आता जे लिहायला मला दोन पत्रं लागली ते लिहिते. माझ्या निकालाच्या दिवसाबद्दल.

दुकानात सगळे जमले होते. मावशी होत्या, हँगरवाले काका होते, चहाचे पेले इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेले, जे बाबांनी एरवी कुणाला करू दिलं नसतं. बाबा खुर्चीवर चढायचेच बाकी होते. म्हणाले, "घरातली पहिली पदवीधर आहे ही! आजपासून इंग्रजांनी गप्प बसायचं. पोरी, तू सांग. काय म्हणतोय हा गाणारा बाबा माझा?" आणि त्यांनी आठवं गाणं लावलं. तू हसत म्हणालास, "सांग, मास्तरीण. मीही ऐकतो."

मी तोंडी परीक्षेला उभं राहावं तशी ताठ उभी राहिले. माझी तयारी होती. आठही गाणी मी कॉलेजात असताना वहीत उतरवून काढली होती, ऐकू आलं नाही तिथे टिंबं देऊन.

"बाबा, एक माणूस हॉटेलच्या खोलीत एकटा बसला आहे. दारू प्यायला आहे. त्याची बायको त्याला सोडून गेली आहे. तो तिला टेलिफोनवर एकच ओळ चार वेळा म्हणतो, परत ये. बस, एवढंच आहे."

बाबा म्हणाले, "आणि नदी?"

"नदी नाही."

"नाव?"

"नाही, बाबा."

"मग ती धाकटी बहीण, जिला तो पलीकडे..."

"बहीण तर नाहीच!"

मी हे हसत म्हटलं, दादा. मला माझा तो आवाज अजून ऐकू येतो.

मावशी म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे इतकी वर्षं आम्ही एका दारुड्यापायी डोळे पुसले!" काका म्हणाले, "इंग्रजा, लेका, बापाला चांगलंच गंडवलंस की!" सगळे हसले. बाबाही हसले. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. मी उरलेल्या सातही गाण्यांचे खरे अर्थ सांगितले, एकेक करून, बोटं मोजत. सहा गाण्यांत कुणीतरी कुणालातरी सोडून गेलेलं, एकात दारू, आणि आठव्यात दोन्ही. या विनोदावर तर काकांना ठसका लागला.

तू काय म्हणालास ते मला शब्दशः आठवतं. "बरोबर आहे तिचं. शिकलेली आहे ती." आणि तू पेले बाजूला करून हातातली बाही पुरी केलीस.

चौथ्या दिवशी तू गेलास. आईला म्हणालास, बाहेरगावी काम मिळतंय. भांडण नाही, शब्द नाही. मी सगळ्यांना सांगत राहिले की त्याला प्रगती करायची होती. इतकं शिकून मला एक साधी बेरीज जमली नाही, की जमवायची नव्हती?

त्यानंतर बाबांनी कॅसेट डब्यात ठेवून दिली. अर्थ कुणाला विचारला नाही, आणि ते एकदाही रडले नाहीत. झटका आल्यावर नाही, डॉक्टरांनी सांगितल्यावर नाही. डिसेंबरात एक दिवस डाव्या हाताने त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. मी कॅसेट लावली. आठवं गाणं संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "हं?" मी खरा अर्थ सांगितला, यावेळी हळू आवाजात. त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा "हं?". मला दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. मी पुन्हा तोच सांगितला. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

एवढं लिहून हे पत्र संपवणार होते. पण गेल्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली.

आईच्या हातून जळालेलं टेबलाचं कापड मी बदलायला काढलं. खालची घोंगडीही करपली होती, म्हणून सगळे थर उचलले. अगदी तळाशी, लाकडाला चिकटून, एक वही निघाली. इतक्या वर्षांच्या इस्त्रीने तिची पानं बिस्किटासारखी तांबूस झाली आहेत आणि एकही कोपरा दुमडलेला नाही. तुझी दहावीची वही. डाव्या पानावर गाण्यांचे इंग्रजी शब्द, आठही गाण्यांचे. माझ्या वहीत जिथे टिंबं आहेत तिथेही तुझ्याकडे शब्द आहेत. आणि उजव्या पानावर अर्थ. नदीचा नाही. हॉटेलच्या खोलीचा, दारूचा, टेलिफोनचा. माझ्या अर्थासारखाच, फक्त माझ्याहून सहा वर्षं आधी लिहिलेला आणि जास्त चांगल्या भाषेत.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

मी तुला अडाणी समजून दुरुस्त करत होते. आणि दहावीनंतर तू म्हणाला होतास, "मला नाही झेपत अभ्यास, हिला शिकवा", तेही मी खरंच मानलं. ज्याला ही वही लिहिता येते त्याला काय झेपत नव्हतं?

बाबांना खोटं सांगायचं तुला काय कारण, याचा मी आठवडाभर विचार करते आहे. मला वाटतं, ते अर्थ गाण्यांचे नव्हतेच. घरात जे सरळ बोलता येत नव्हतं ते तू इस्त्री करता करता त्या गाणाऱ्यावर घालून बोलत होतास, आणि बाबा ते ऐकत होते. नदी, नाव, धाकटी बहीण. सगळी गल्ली ते गाणं ऐकून रडली, फक्त जिच्यावर ते होतं ती कानात बोटं घालून बसली होती. आणि बोटं काढली ती "बहीण तर नाहीच" म्हणायला.

क्षमा मागायला मी घाबरते, कारण तू लगेच करशील. त्यापेक्षा गाणं मागते. माझ्यासाठी नको, बाबांसाठी पाठव. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येऊ शकतो.

तुझी,
चुकलेली मास्तरीण


सोमवार, ४ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं की नाही? इस्पितळाच्या चादरींच्या छापील तक्त्यांचे सात कागद, प्रत्येकाच्या मागे एक गाणं. वर "प्रिय" नाही, खाली सही नाही. पण अक्षर बघून आईने कागद आधी गालाला लावले आणि मग मला दिले. म्हणाली, "वाच. पण एकदम नको संपवूस."

म्हणून रोज दुपारी एक. शाळेतून आले की मी बाबांच्या खाटेशी स्टूल घेते, आई पुढे कपडे करत असते, मधलं दार उघडं. आधी गाणं लावायचं, मग तुझा अर्थ वाचायचा.

पहिला तो दिवा लावणारा म्हातारा, ज्याच्या रस्त्यावर आता कुणीच राहत नाही. दुसऱ्याला आई पुढूनच म्हणाली, "यात घोडा आहे बघ, म्हातारा घोडा. तो विकायला नेतात आणि तो वाटेत मालकालाच रस्ता दाखवतो." सुरुवात कानावर पडली की पुढचं आपोआप आठवतं तिला. बाबा ऐकत होते, डोळे मिटून. पण कोरडे.

तिसरा दिवस. परगावी काम करणारा बाप वर्षाने घरी येतो आणि त्याचा मुलगा त्याला पाहुणा समजून पाणी आणून देतो. तू लिहिलं आहेस, "बाप ते पाणी पाहुण्यासारखंच पितो, कारण मुलाला लाजवायचं नसतं." तिथे बाबांचा डावा हात उशीवर काहीतरी शोधायला लागला. मला कळेना. आई इस्त्री उभी करून आत आली, तिने स्वतःचा पदर त्या हातात दिला. दीड वर्षांनी, दादा. माझ्या पदवीनंतर पहिल्यांदा. तिने त्यांचे डोळे पुसले, स्वतःचे पुसले, आणि जाता जाता मला म्हणाली, "बाटली भरू नकोस आज."

चौथा, पाचवा, सहावा, सातवा. मावशी येऊन दारात बसायला लागल्या. पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "का गं, यात दारुडा कुठाय?" मी म्हटलं, "नाही, मावशी. कुठेच नाही." मुद्दाम खोटं बोलण्याची माझी ही पहिली वेळ. सवय नाही म्हणून तोंड लाल झालं.

सातव्या कागदाच्या तळाशी तू एक ओळ लिहिली आहेस. ती मी पहिल्याच दिवशी वाचली होती आणि आईपासूनही लपवली. "आठव्याचा अर्थ तू सांगितलास तोच बरोबर आहे."

राग असता तर बरं वाटलं असतं. या ओळीत राग नाही. तू ते गाणं मोडून ठेवून दिलं आहेस, एवढंच आहे.

आठव्या दिवशी बाबा माझ्या आधी तयार होते. आईने त्यांना उशीला टेकून बसवलं होतं. मावशी होत्या. गाणं संपलं. बाबा म्हणाले, "हं?"

माझ्या हातात कोरा कागद होता. मी तो तुझ्या कागदांसारखाच धरला आणि वाचल्यासारखं केलं. काय सांगितलं ते लिहून पाठवते. तुझं गाणं आहे, तपासून घे.

एक नाव होती. दोघांना पलीकडे जायचं होतं, एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण. पण वल्ही मारायला कुणीतरी हवंच होतं, आणि मला नाही जायचं पलीकडे, असं भाऊ म्हणाला. बहिणीला ते खरं वाटलं. खरं वाटणं तिच्या सोयीचं होतं. ती नावेत पुस्तक उघडून बसली आणि पाण्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पलीकडे त्याने तिला उतरवलं, तिच्या पायाला चिखलही लागू दिला नाही. काठावर लोक उभे होते. त्यांनी विचारलं, कशी गं आलीस? ती म्हणाली, पोहून.

इथे मी थांबले. मावशींनी नाक ओढलं. बाबा माझ्याकडे बघत होते, कागदाकडे नाही. त्यांना कळलं होतं की हे तुझं नाही. तरी त्यांनी मान हलवली नाही. म्हणाले, "हं." पुढे सांग.

मग मी म्हटलं, नाव परत फिरली. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला असतं. म्हणजे तो नदीभर तिच्याकडेच बघत गेला, आणि ती मात्र लोकांकडे तोंड करून उभी होती. वळली तेव्हा पाणीच दिसलं.

बाबा रडले. पण माझ्याकडे बघून नाही, दादा. मधल्या दारातून, दुकानापलीकडे, रस्त्याकडे बघून. आवाज न करता, कितीतरी वेळ. मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी तो सोडवून घेतला आणि शेवटच्या दांडीकडे बोट केलं.

आईने तुझा शर्ट काढून आणला. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी राहिला तसाच आहे तो. कॉलर झालेली, खांदे झालेले, एक बाही झालेली, दुसरी चुरगळलेली. आई त्याला कुणाला हात लावू देत नाही. बाबांनी तो मांडीवर घेतला, डाव्या हाताने चाचपत चिठ्ठी शोधली, आणि तिचा अर्धा भाग फाडायला लागले. एका हाताने फाटेना. मी पुढे झाले तर "हं!" करून ओरडले. शेवटी शर्ट डाव्या गुडघ्याखाली दाबून, चिठ्ठी दातांत धरून, त्यांनी ती फाडली. सरळ फाटली नाही, तिरकी गेली आहे. टोचलेला अर्धा शर्टावरच ठेवला. दुसरा अर्धा माझ्या हातात दिला, माझी मूठ बंद केली, आणि टेबलावरच्या तुझ्या सात कागदांकडे बोट दाखवलं.

तो अर्धा भाग सोबत पाठवते आहे. दुकानाचा नियम तुला माहीत आहे. चिठ्ठी दाखवल्याशिवाय कपडा मिळत नाही, आणि चिठ्ठी ज्याच्याजवळ आहे त्याला स्वतःच यावं लागतं. दुसरी बाही कुणी करणार नाही. ती तुझी तू कर.

आणि आठव्याचा माझाच अर्थ बरोबर, असं तू लिहिलंस, तर तेही मान्य. नदी नको, नाव नको. त्या गाण्यात एकच ओळ चार वेळा येते. बाबांना ती म्हणता येत नाही. आई म्हणणार नाही, तिला वाटतं तुझ्यावर ओझं होईल. मावशींनी काल विचारलं, "लिहिलंस का गं त्याला?" तर तिघांच्या वतीने आणि माझ्या स्वतःच्या वतीने, शब्दाला शब्द ठेवून, काही न गाळता आणि पदरचं काही न घालता लिहिते :

परत ये.
परत ये.
परत ये.
परत ये.

तुझी बहीण,
गाण्यातली